करोलबागेतील सर्पगंधा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



करोलबागेतील अजमल खान रोड दिल्लीतील मराठी कुटुंबांना नवा नाही. लग्नाचा बस्ता असो वा दिवाळीची खरेदी, त्या रस्त्यावर कधीच पाऊल टाकले नाही असे घर विरळाच. परंतु ज्यांच्या नावाने तो रस्ता ओळखला जातो त्या हकीम अजमल खान यांच्या नावाचा एक रासायनिक पदार्थही जगात आहे, तो याच करोलबागेत प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळा करण्यात आला आणि हृदयाच्या एका विशिष्ट विकाराचे निदान करण्यासाठी तो आजही वापरला जातो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. त्या पदार्थाचे नाव अजमलीन. ज्या मुळीतून तो निघाला ती सर्पगंधा. त्याच मुळीत दडलेल्या दुसऱ्या एका द्रव्याने मनुष्याची हालचाल मेंदूत कशी घडते याचा उलगडा केला. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या दुसऱ्या द्रव्याची कथा हा आहे.

हकीम अजमल खान हे दिल्लीच्या बल्लीमारान भागातील विख्यात हकीम घराण्यातले. राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते आणि जामिया मिलिया इस्लामियाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. आयुर्वेद आणि युनानी या दोन्ही पद्धतींचे शिक्षण एकाच छपराखाली मिळावे, या हेतूने त्यांनी करोलबागेत तिबिया कॉलेज उभारले. १९१६ साली त्याची कोनशिला बसविण्यात आली आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. आधुनिक वैद्यकाविषयी गांधीजींचे आक्षेप सर्वश्रुत आहेत. तथापि त्या प्रसंगी आधुनिक शास्त्रज्ञांच्या संशोधनवृत्तीविषयी त्यांनी आदरच व्यक्त केला. हकीमसाहेबांचीही हीच भूमिका होती. पूर्वजांनी सांगितले म्हणून औषध खरे, असे मानून ते थांबणारे नव्हते. जुनी औषधे रसायनशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहावीत, अशी त्यांची इच्छा होती.

ही इच्छा पूर्ण करणारा तरुण त्यांना मिळाला. सलीमुज्जमान सिद्दिकी हे बाराबंकी जिल्ह्यात १८९७ साली जन्मलेले गृहस्थ वैद्यक शिकण्यासाठी लंडनला गेले, तेथून जर्मनीत फ्रँकफुर्टला पोहोचले आणि रसायनशास्त्राकडे वळले. ते उत्तम चित्रकारही होते. १९२७ साली डॉक्टरेट मिळवून ते स्वदेशी परतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हकीमसाहेबांचे निधन झाले. परंतु त्यांच्या कल्पनेतील संशोधनसंस्था तिबिया कॉलेजात उभी राहिली आणि तिची धुरा सिद्दिकींनी वाहिली.

संशोधनासाठी निवडलेली वनस्पती होती सर्पगंधा. हे हातभर उंचीचे झुडूप हिमालयाच्या पायथ्यापासून कोकण आणि सह्याद्रीच्या ओलसर रानापर्यंत आढळते. नागाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस या वनस्पतीची पाने खातो, अशी लोककथा आहे. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात सर्पविषावरील एका मुळीचे वर्णन केले आहे. ती हीच असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. सर्पदंशावर तिचा किती उपयोग होतो हा प्रश्न वेगळा. परंतु वेडाच्या झटक्यात बेफाम झालेल्या माणसाला शांत करण्यासाठी आणि झोप आणण्यासाठी उत्तर भारतात ही मुळी पिढ्यान् पिढ्या वापरली जात होती.

१९३१ साली सलीमुज्जमान सिद्दिकी आणि त्यांचे सहकारी रफत हुसेन सिद्दिकी यांनी या मुळीतील पाच अल्कलॉइडे स्फटिकरूपात वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले. तीन पांढरी होती आणि दोन पिवळी. पिवळ्यांना त्यांनी सर्पेंटाइन आणि सर्पेंटिनीन अशी वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरून नावे दिली. पांढऱ्यांची नावे मात्र अजमलीन, अजमलिनीन आणि अजमलिसीन अशी ठेवली. हकीमसाहेब जाऊन तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. ज्याने वाट दाखविली त्याचे नाव त्या वाटेवर सापडलेल्या पहिल्या फळाला द्यावे, ही कृतज्ञता आजही रसायनशास्त्राच्या पुस्तकांत जशीच्या तशी उभी आहे.

त्याच १९३१ साली कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघा वैद्यकतज्ज्ञांनी सर्पगंधेवर लेख लिहिला. मुळीच्या चूर्णाने उन्माद शमतो आणि रक्तदाबही उतरतो, असे त्यांनी नोंदविले. म्हणजे एकाच वर्षी एका शहरात मुळीतील द्रव्ये हाती आली आणि दुसऱ्या शहरात मुळीचा गुण. आता प्रश्न एवढाच उरला की, तो गुण नेमका कोणत्या द्रव्याचा?

येथे या कथेतील अत्यंत बोधप्रद वळण येते. करोलबागेत मिळालेल्या सुंदर स्फटिकांपैकी एकातही रुग्णाला शांत करणारा तो गुण पुरेसा आढळेना. १९४० च्या दशकात कलकत्त्याच्या संशोधकांना असे दिसले की, गुंगी आणणारा प्रभाव मुळीच्या राळेसारख्या चिकट अंशात आहे. स्फटिक काढून घेतल्यावर जो काळपट, चिवट गाळ मागे राहतो, त्यातच औषध होते. याचे कारण आज सहज सांगता येते. अल्कलॉइडे आम्लात विरघळवून वेगळी काढण्याची रीत असते. हे द्रव्य मात्र अल्कधर्माने दुर्बळ, त्यामुळे ते इतरांबरोबर बाहेर न येता राळेतच अडकून राही. शिवाय मुळीत त्याचे प्रमाणही अत्यल्प असते. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन या संशोधकांनी राळेच्या या अंशातूनच ते द्रव्य शुद्ध केले आणि त्याला रिसर्पिन हे नाव दिले. चारच वर्षांत अमेरिकेत वुडवर्ड यांनी हा गुंतागुंतीचा रेणू प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने घडवून दाखविला.

बाझेलच्या संशोधकांचे सर्पगंधेकडे लक्ष वेधण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील सर्पगंधेच्या उपचाराचा शिस्तबद्ध वृत्तांत प्रसिद्ध केला. हिंदुस्थानाबाहेरच्या वैद्यकविश्वाने या मुळीची खरी दखल घेतली ती या लेखानंतर. १९५७ साली त्यांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. उच्च रक्तदाबावर आणि मनोविकारांवर रिसर्पिन जगभर वापरले जाऊ लागले.

आता हे औषध शरीरात काय करते ते पाहिले पाहिजे. कारण पुढची सारी कथा त्यावर उभी आहे.

मेंदूतील एक चेतापेशी दुसरीला संदेश देते तो रासायनिक दूतांमार्फत. डोपामिन, नॉरअॅड्रिनॅलिन आणि सेरोटोनिन हे असे तीन दूत. त्यांच्या रचनेतील साम्यामुळे त्यांना मिळून मोनोअमाइन म्हणतात. चेतापेशीच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या असतात, त्यांत हे दूत साठवून ठेवलेले असतात. संदेश द्यायची वेळ आली की पिशवी फुटते आणि दूत बाहेर पडतो.

जुन्या दिल्लीतील खारी बावलीचा मसालेबाजार डोळ्यांसमोर आणला तर ही व्यवस्था चटकन उमगेल. बाजारात माल येतो तो पल्लेदार पाठीवर घेऊन गोदामात रचून ठेवतात. गोदामातला माल सुरक्षित. बाहेर उघड्यावर राहिलेला माल नासणार. चेतापेशीतही असाच एक पल्लेदार आहे. तो म्हणजे पिशवीच्या आवरणात बसलेले एक प्रथिन. शास्त्रज्ञ त्याला व्हीमॅट-दोन म्हणतात. पिशवीच्या आत आम्लता अधिक असते; त्या आम्लतेचे दोन कण बाहेर सोडून हे प्रथिन मोनोअमाइनचा एक रेणू आत घेते. बाहेर राहिलेल्या मोनोअमाइनचा फडशा पाडण्यासाठी मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर टपलेले असतेच.

रिसर्पिन या पल्लेदाराला जखडून टाकते आणि ही पकड सहसा सुटत नाही. माल येत राहतो, पण गोदामात चढत नाही. बाहेरच्या बाहेर नष्ट होतो. हळूहळू गोदामे रिकामी पडतात. रक्तवाहिन्यांना ताण देणारे नॉरअॅड्रिनॅलिन संपते म्हणून रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते आणि नाक चोंदते. औषध रक्तातून निघून गेल्यावरही परिणाम कित्येक दिवस टिकतो. कारण चेतापेशीला जखडलेल्यांच्या जागी नवी सामग्री घडवावी लागते.

तथापि रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांत एक निराळीच गोष्ट दिसू लागली. त्यांचे हातपाय ताठरू लागले, चाल मंदावली, चेहरा भावशून्य झाला, बोटे थरथरू लागली. हे हुबेहूब कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सनच्या विकाराचे चित्र होते. औषध थांबविले की लक्षणे बहुधा ओसरत. काहींना गाढ खिन्नताही येई. खिन्नतेचा रिसर्पिनशी असलेला संबंध किती खरा यावर पुढे बराच वाद झाला. परंतु मोनोअमाइन आणि मनःस्थिती यांचा विचार या निरीक्षणांतून सुरू झाला, हे निर्विवाद आहे.

स्वीडनचे अरविद कार्ल्सन यांनी या दुष्परिणामाकडे संधी म्हणून पाहिले. रिसर्पिन दिलेले ससे निश्चल पडून राहत. कान गळालेले, हालचाल नाही. गोदाम रिकामे झाल्यामुळे हे घडत असेल, तर ते पुन्हा भरल्यावर प्राणी उठला पाहिजे. परंतु तिघांपैकी कोणता माल भरायचा? १९५७ साली कार्ल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेरोटोनिनचा कच्चा माल टोचून पाहिला. ससे उठले नाहीत. मग डोपामिन आणि नॉरअॅड्रिनॅलिन या दोहोंचा कच्चा माल असलेले डोपा टोचले आणि थोड्याच वेळात ससे जागे होऊन हिंडूफिरू लागले. तपासणीत मेंदूत वाढलेले आढळले ते डोपामिन. तोवर डोपामिन ही केवळ नॉरअॅड्रिनॅलिन बनण्याच्या वाटेवरची एक पायरी समजली जात असे. तो स्वतंत्र दूत आहे आणि हालचालीची किल्ली त्याच्याकडे आहे, हे येथून पुढे स्पष्ट होत गेले.

हे मत सहज स्वीकारले गेले नाही. १९६० साली लंडनच्या परिषदेत नामवंतांनी त्याविषयी जाहीर शंका घेतल्या. परंतु त्याच वर्षी व्हिएन्नामध्ये एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने मृत्यू पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा हालचालीशी संबंधित भागात डोपामिन फारच घटलेले आढळले. सशाला रिसर्पिनने जे केले होते ते या रुग्णांना रोगाने केले होते. पुढच्या वर्षी रुग्णांना शिरेतून लेवोडोपा देऊन पाहण्यात आले आणि १९६७ साली अमेरिकेत कोट्झियास यांनी तोंडावाटे मोठ्या मात्रेत ते देण्याची पद्धत बसविली. आज कंपवाताचे लाखो रुग्ण घेतात ते मुख्य औषध हेच. कार्ल्सन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

यात आपल्या मातीचा आणखी एक धागा आहे. कोकणच्या रानात शेंगेला हात लागताच अंगाला आग लावणारी खाजकुइली लहानपणी कोणी पाहिली नाही? आयुर्वेदात तिलाच कपिकच्छू म्हणतात. तिच्या बियांत लेवोडोपा असल्याचे दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच दाखविले होते. हालचाल हिरावून घेणारे द्रव्य एका भारतीय मुळीत आणि ती परत देणारे द्रव्य एका भारतीय शेंगेत. परंतु या दोहोंचा संबंध जोडण्यासाठी डोपामिनचा शोध लागावा लागला.

रिसर्पिनचे काम येथे संपत नाही. रिसर्पिनने निश्चल केलेले उंदीर आणि ससे हे कंपवातावरील नवी औषधे पारखण्याचे दीर्घकाळ साधन राहिले. या साधनाला मर्यादा आहेत. रोगात डोपामिन बनविणाऱ्या पेशीच मरतात. रिसर्पिनने त्या मरत नाहीत, फक्त रित्या होतात. शिवाय रिसर्पिन तिन्ही मोनोअमाइनांचा साठा संपविते. म्हणून पुढे पेशी मारणारी इतर साधनेही वापरात आली. तरीही एखादे द्रव्य रिकाम्या गोदामाची उणीव भरून काढते काय, या साध्या प्रश्नाला रिसर्पिनची कसोटी सरळ उत्तर देते.

दुसरीकडे याच तत्त्वावर उपचारही उभे राहिले. कंपवातात हालचाल उणी पडते. हंटिंग्टनच्या आनुवंशिक विकारात ती आवरेनाशी होते. हातपाय आपोआप नाचू लागतात. त्यास कोरिया म्हणतात. मनोविकारांची काही औषधे वर्षानुवर्षे घेतल्याने कित्येकांचे ओठ, जीभ आणि जबडा सारखे हलत राहतात. अशा वेळी गोदाम थोडे रिते करणे हेच औषध ठरते. बाझेलच्याच रोश कंपनीत १९५० च्या दशकात टेट्राबेनाझिन तयार झाले. तेही त्याच पल्लेदाराला अडविते, पण त्याची पकड सैल असते. काही तासांत ती सुटते, म्हणून मात्रा कमीजास्त करता येते. अमेरिकेत २००८ साली हंटिंग्टनच्या कोरियासाठी त्यास मान्यता मिळाली आणि २०१७ साली ड्यूटेट्राबेनाझिन व व्हाल्बेनाझिन ही त्याच कुळातली दोन औषधे आली. मात्रा अधिक झाली तर हीच औषधे कंपवाताची लक्षणे आणू शकतात आणि हंटिंग्टनच्या रुग्णांत खिन्नता वाढवू शकतात. म्हणून ती डॉक्टरांच्या सतत देखरेखीखालीच द्यावी लागतात.

पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी या विवेचनातून घरी नेण्याजोगी एक गोष्ट आहे. ‘झाडपाल्याचे औषध, त्याने अपाय होत नाही’ हे वाक्य आपल्या घरांत सर्रास उच्चारले जाते. सर्पगंधा हा त्या वाक्याला दिलेला सडेतोड जबाब आहे. ज्या मुळीत गुण आहे तिच्यात अपायही असणारच. दोन्ही एकाच क्रियेची रूपे आहेत. घरातील आजोबांचा हात थरथरू लागला, चाल अडखळू लागली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये आणि परस्पर कंपवाताचा शिक्काही मारू नये. ते घेत असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. तीत मळमळीची गोळी यावी, झोपेची गोळी यावी, शेजाऱ्याने सुचविलेले चूर्णही यावे. डोपामिन घटविणाऱ्या किंवा त्याचा मार्ग अडविणाऱ्या औषधांमुळे आलेला ताठरपणा वेळीच ओळखला तर बहुधा परतवता येतो. मात्र चालू असलेले कोणतेही औषध डॉक्टरांना न विचारता स्वतःहून बंद करू नये.

आणि शाळेच्या या मंगल प्रसंगी आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. करोलबागेतील संशोधकांनी जे केले त्यात कसूर नव्हती. त्यांनी स्फटिक शोधले, कारण स्फटिक हीच तेव्हा शुद्धतेची खूण होती. परंतु जे स्फटिकरूप झाले नाही, ते निरुपयोगी नव्हते. त्याला बाहेर काढण्याची रीत तेव्हा सापडली नव्हती, एवढेच. ज्यांना वर्गात साठ वर्षे मुले शिकवायची असतात त्यांच्यासमोर हा प्रश्न दर वर्षी नव्याने उभा राहतो. परीक्षा नावाची रीत काही मुलांना लखलखीत स्फटिकांसारखे बाहेर काढते. उरलेल्यांत काय आहे हे पाहण्यासाठी दुसरी रीत शोधणे, हे शिक्षकाचे काम. या शाळेतील ज्या शिक्षकांनी ते केले त्यांची नावे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या मनात आहेत.

सलीमुज्जमान सिद्दिकी १९४० पर्यंत तिबिया कॉलेजात होते. पुढे त्यांनी कडुनिंबावर पायाभूत काम केले, १९५१ साली ते पाकिस्तानात गेले आणि १९९४ साली कराचीत त्यांचे निधन झाले. देशांच्या सीमा बदलल्या, परंतु अजमलीनचे नाव बदलले नाही. अजमल खान रोडवर पुढच्या खेपेस जाणे होईल तेव्हा पाच मिनिटे वाट वाकडी करून तिबिया कॉलेजची ती जुनी इमारत मुलांना अवश्य दाखवावी. एका विद्यार्थ्याने आपल्या मार्गदर्शकाचे ऋण तेथे कसे फेडले, हे त्यांना सांगावे. आणि तेथील प्रयोगशाळेत जो गाळ मागे राहिला त्यात काय होते, हेही.